पहिल्या खेपेची रेकॉर्ड

डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावरच्या एका अनोळखी आजींच्या शेजारी भाऊबहीण कुजबुजत होते.

“दादा, माझ्या हातून फुटली, सांगून टाकू या.”

“गप्प बस! जुन्या कव्हरात नवी घातलीय. ऑपरेशननंतर हाताशी हवी म्हणून मागवलीय बाबांनी, पण डोळ्यांवर पट्टी आहे त्यांच्या.”

“बोटांवर नाहीये! रॉक गाण्यांची, पहिल्या खेपेत छापलेली रेकॉर्ड ती. मधल्या गोल कागदाजवळ कारागिरानं कोरलेली अक्षरं ते रोज चाचपतात, नवीवर ती नाहीतच.”

“बाबा आले बघ. हस!”

“हसून काय? त्यांना दिसतंय कुठे?”

“आणलीत?” बाबांनी हात पुढे केला. “द्या इकडे.”

बाबांचं बोट कागदाभोवती फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. आजीही वाकून बघू लागल्या.

“माझी कुठंय?”

“बाबा, ही तीच—”

“तुला नाही विचारलं. तायडे?”

“फुटली, बाबा. माझ्या हातून.”

“अक्षरांचा तुकडा ठेवलास?”

“पर्समध्ये आहे.”

“मग दे की हातात.”