छपरावरचा आवळा

माहेर मन्हं लोणखेड्याचं, शहाद्याला लागूनच शे. अंगणात आवळ्याचं झाड, त्याच्याखालीच आम्ही बहिणी वाढलो. लग्न होऊन विसरवाडीला आले, हायवेवर, कारण यांचं बॅटरीचं दुकान. ट्रकवाले जुन्या बॅटऱ्या टाकून जातात, हे त्या फोडतात, आतलं शिसं भट्टीवर वितळवून लगडी पाडतात. पुढं छपरात भट्टी, मागं आमचं घर, मधे नुसता पत्रा. काय सांगू ताई तुम्हाला, इतकी वर्षं झाली, धुराचा वासच येत नाही आता मला.

मग हे विसरायला लागले. हातात पक्कड, अन् मलाच विचारतात, मन्ही पक्कड कोठे शे? मी हसायची, काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणायची, लई हसायची. मग हात थरथरायला लागले. एक दिवस जेवता जेवता मन्हाकडे बघून म्हणे, तू कोन शे? त्या दिवशी हसू नाही आलं, ताट घेऊन मागं गेले अन् रडले.

मन्ही माय म्हणायची, आवळा डोकं शाबूत ठेवतो. बाजारात तोरणमाळकडचा आवळा येतो, टोपलंभर घेतला, चिरला, मीठ-हळद लावून छपरावर वाळत घातला. खाली भट्टी, वर ऊन, दोन दिवसात कसा कडक व्हायचा. राखाडी धूळ बसायची, ती पदरानं पुसायची. रोज मूठभर खाऊ घालायची, अन् हे तर आणखीच विसरायला लागले, म्हणून मी आणखी एक मूठ वाढवली. वाढवली, ताई, मीच वाढवली.

शेवटी नंदुरबारला नेलं. डॉक्टरबाईनं रक्त तपासायला धाडलं. म्हणे रक्तात शिसं शे, ते मेंदूत जातं. मी म्हटलं, आवळा देते ना मी रोज. बाई खूश झाल्या, म्हणे आवळा, हळद, शेवग्याचा पाला, यांच्यात मेंदूला सांभाळणारं काहीतरी असतं, उंदरांवर तसं दिसलंय, माणसाचं अजून पक्कं नाही, पण खाऊ द्या, आधी मात्र भट्टी बंद करा. मला इतकं बरं वाटलं, सोबत नेलेल्या पुडीतला आवळा काढून त्यांनाच दिला. त्यांनी तोंडाजवळ नेला अन् विचारलं, वाळवता कुठं? मी सांगितलं. त्यांनी तो परत पुडीत ठेवला. अन् हात धुतले.

म्हणजे मीच भरवत होते की हो, मन्हा हातानं.

आता काय करू? लेक सुरतला एका खोलीत, तिच्याकडे पाठवू कसं? दुसरं काम यांना येत नाही. डॉक्टरनं भट्टी बंद सांगितली हे विसरतात, भट्टी पेटवायची कशी ते नाही विसरत. मी भाता लपवते, हे शोधून काढतात. बरोब्बर शोधतात. पक्कड सापडत नाही, भाता सापडतो. मी ओरडले तर हे लहान पोरासारखं बघतात.

घ्या ना ताई, आवळा घ्या. हा लोणखेड्याचा शे, भावजयनं तिकडंच वाळवून धाडला. नको? राहू द्या, राग नाही. मीबी आधी पदरानं पुसलाच, सवय जात नाही.

नाकाला रुमाल का लावला? धुराचा वास येऊ ऱ्हायला का? मंग भट्टी पेटवली त्यांनी. जा तुम्ही, सुखी ऱ्हा, मागच्या दारानं जा. मी बसते यांच्यापाशी.