आमच्या घरात घोडा चालत यायचा

हॅलो?… हॅलो, कोण?… जरा मोठ्याने बोला, ऐकू येत नाही…

दादा? अगंबाई, तू! अरे, बोलायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय ना तुला? फोन कुणी दिला हातात?… कुणी नाही? मग वहिनी कुठाय?… चहा प्यायला खाली गेलीय, आणि तेवढ्यात तू तिच्या पर्समधून फोन काढलास. छान! ऐंशीला टेकलास, पण चोऱ्या काही सुटल्या नाहीत.

नाही रे, रागावत नाही. बोल… हळूहळू बोल, मी फोन कानाला घट्ट लावलाय… हो… हो, ठाऊक आहे मला. उद्या सकाळी. वहिनीने सगळं सांगितलं. स्वरयंत्रच काढायचं म्हटल्यावर… हो, बोलणं जाणार. जीव राहणार ना? मग जाऊ दे बोलणं. तसंही आजवर बोलून तू कुणाचं भलं केलंयस?

हसू नकोस, खोकला येईल… आला ना? पाणी पी. पी आधी. मी आहे, कुठे पळून जात नाही.

हं, सांग… कुठे? कॅन्टीनमध्ये? कसलं गाणं?… घोड्याचं? आपलं घोड्याचं गाणं? अरे देवा, किती वर्षांनी! सुरुवातीची ती टणटण गिटार होती? आणि मागून टापा?… धावत? धावतच रे. बाहेर सगळीकडे तो घोडा धावतच असतो. आपल्याच घरात तेवढा चालत यायचा.

कुणामुळे म्हणजे? तुझ्यामुळे! जुना प्लेअर घरी आला तोच तुटक्या पट्ट्याचा, आणि आमचे हाफपँटीतले इंजिनिअर बसले सायकलची ट्यूब कापत. बसवलीस तिची पट्टी. ती सैल पडली, आणि तबकडी फिरायची कशी, तर गुडघे दुखणाऱ्या म्हातारीसारखी. घरात रेकॉर्डही ती एकच. ताडून बघणार कशाशी?

हो ना! मला तर तो गायक दांडगा, मिशाळ माणूस वाटायचा. विहिरीतून आल्यासारखा आवाज. आणि मासिकात फोटो आला तर काडीपैलवान पोरगा, डोक्यावर त्याच्याहून मोठी टोपी! तू म्हणालास, छापणाऱ्यांनी फोटो चुकवला… तूच म्हणालास! मी कशाला म्हणेन?

परक्या भाषेतले शब्द कुठे कळत होते आपल्याला? आईनेच ठरवून टाकलं होतं, हा माणूस फार लांबून घरी परत येतोय म्हणून. तो दमलाय, घोडा दमलाय, पण घर दिसायला लागलंय, म्हणून मध्येच शीळ घालतोय… हो, खिडकीतला दिवाही आईचाच. गाण्यात दिवाबिवा काही नाही. माझ्या लेकीने मागे अर्थ सांगितला मला. तो म्हणे बाजारात चाललाय, नवी टोपी घ्यायला… अरे, खरंच! सबंध गाणं टोपीवर आहे!… हसू नको म्हटलं ना. दादा!

पण मला विचारशील तर आपलंच गाणं खरं होतं. बाबा आठवतात? कारखान्यातून आले आणि ते चालू असलं, की दारातच उभे राहायचे, चौकटीला हात लावून. रेकॉर्ड संपेपर्यंत बूट काढायचे नाहीत. आवडतं म्हणून कधी बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "हा माणूस घाई करत नाही, हे बरं आहे."… तुलाही म्हणाले होते? बघ, मी इतकी वर्षं समजत होते, मला एकटीलाच म्हणाले.

टोपी आणायला निघालेल्या माणसासाठी बाबा तसे उभे राहिले असते का रे?

माझ्या लग्नात?… हो, हो! बँडवाल्यांनी धडाधड वाजवलं, सगळे नाचतायत, आणि आई तरातरा त्यांच्याकडे. "अहो, चुकतंय तुमचं! किती पळवताय त्याला!" तो क्लॅरिनेटवाला बिचारा कसा बावचळला होता…

हं?… काय म्हणालास? पुन्हा सांग… नाही रे, प्लेअर कधीच गेला. रेकॉर्डही नाही. आणि असती तरी काय? नव्या यंत्रावर ती धावणारच. आपल्या घरात वाजायचं तसं ते गाणं आता कुठेच नाही, दादा. लहानपणापासून तू त्याची शीळ घालतोस ना, त्या तुझ्या शिळेत तेवढं आहे. मला कुठे येते शीळ? नुसतं फुस्स होतं.

…

हो. तेच. मीच विचारणार होते, धीर होत नव्हता. वहिनी म्हणाली, श्वास गळ्याच्या भोकातून घ्यायचा. मग ओठांपर्यंत वारा यायचा कुठून?… तुलाही ते लक्षात आलंय. म्हणून फोन केलास तू. कॅन्टीनमध्ये गाणं लागलं म्हणून नाही.

मग घाल ना… असू देत माणसं. शेजारच्या खाटेवरचे झोपलेत? उठतील, त्यात काय… नाही, रेकॉर्ड नको करायला. लेक म्हणाली होती, मामाची शीळ फोनमध्ये धरून ठेव. मी नको म्हटलं. पुन्हा कुठलंसं यंत्र, पुन्हा त्याचा काय तो पट्टा. मी नुसती ऐकते. घाल.

…

…

दम लागला? घे, दम घे. मी धरलाय फोन.

…

…

हं… नाही रे, रडत नाही, नाक चोंदलंय… शेवटी घसरली? ती नेहमीच घसरायची तुझी तिथे. तशीच हवी. सरळ लागली असती तर म्हटलं असतं, हा कोण दुसराच.

कोण ओरडतंय? वहिनी आली का?… तिला सांग, मीच फोन केला होता… नाही पटत? बरं, मग खा बोलणी. अरे, आणि उद्यानंतरही फोन लावायचा, समजलं? तू नुसता कानाला धर. बोलायचं मी बघते, त्याची काळजी तुला नको… हो, हो, ठेव. दे तिच्याकडे.

थांब! दादा, ठेवू नकोस… अजून एक. मला हाक मार ना… काम काही नाही. नुसती हाक. खेळायला खालून बोलवायचास, तशी… अरे, आत्ता! वहिनीने फोन ओढायच्या आत!

…

ओऽऽ! आले, दादा!