पुढं कोण राहतं

परवाची सायकलची शर्यत कोण जिंकलं म्हणून मला विचारू नका. मला ठाऊक न्हाई, अन् त्याला कारण आमचे अण्णा.

अण्णा म्हणजे माझे वडील, रविवारी रेणापूरहून आमच्याकडं लातूरला आलेले. परसात दोडक्याचा मांडव महिनाभर अर्धा पडून होता. मी बायकोला म्हणालो, "तू खड्डे घ्यायला लाग, टीव्हीवरचा एवढा घाट संपला की आलोच." असे तीन घाट संपले.

अण्णा डोळे बारीक करून टीव्हीकडं बघत होते. "का रे, हे एकामागं एक का चालले?"

"पुढचा वारा झेलतो अण्णा. मागच्यांना जोर कमी लागतो."

"मग पुढच्यानं काय पाप केलं?"

"तोच न्हाई राहत पुढं. दमला की मागं येतो, मागचा पुढं जातो."

"म्हणजे आपला वारंगुळाच की! आज तू माझ्या रानात राबायचं, उद्या मी तुझ्या."

"हाव, अगदी तसंच!" मी खूश.

पण अण्णांचं समाधान न्हाई. "आन् एखादा नुसता मागंच बसून राहिला तर?"

"त्याला बाकीचे लई शिव्या घालतात."

अण्णा उठले, परसाकडच्या उघड्या खिडकीशी गेले. बाहेर पहारीचा आवाज चालूच होता.

"सूनबाई, तू कधीपासून पुढं हायस गं?"

पहार थांबली.

"लग्न झाल्यापासून, अण्णा!"