पाहुण्यांच्या खोलीची किल्ली

अध्यक्षसाहेब, पांढुर्ण्याहून, सौसरहून आलेले पाहुणे, अन् या हॉलमधल्या माझ्या म्हाताऱ्या मित्रांनो,

मले दम लागते, म्हणून खुर्चीले धरून बोलून राहिलो. अन् देवरावजी 'होते' असं म्हणणं तं त्याहून जड जाऊन राहिलं. या वृद्धाश्रमात त्यांची खाट माझ्या खाटेले लागून. मधात हात जाईल एवढीच जागा. सकाळी तो हात यायचा. "गुरुजी, उठा न जी, चहा थंडा होऊन राहिला."

अध्यक्षसाहेब आत्ता म्हणाले, वय झालं होतं. साहेब, वय तं माझंही झालं. पण एकाच हॉलमधले तिघं, एकाच थंडीत, एकाच खोकल्यानं गेले. वय काय खाटेवरून खाटेवर उड्या मारते?

काय झालं, ते ऐका. एका दात्याच्या घरचा वाढदिवस इथं झाला. पाहुण्यांनी आपल्या हातानं आमाले घास भरवले. फोटो निघाले. भरवणाऱ्या बाई खोकलून राहिल्या होत्या. पण दात्याच्या हातचा घास नको कसा म्हणायचा? मग देवरावजींले ताप भरला.

या खिडक्या पाहा. थंडी लागते म्हणून प्लायवूड ठोकलं, अन् त्यावर दात्यांच्या नावाच्या पाट्या. हवा येईल कुठून? आमची सेवा करणारी मंदाबाई एकटी. तापातल्या माणसाचं तोंड तिनंच पुसलं, आमची ताटंही तिनंच वाढली. तिच्यावर बोट ठेवाल तं खबरदार! दुसरी बाई ठेवा, असं तीच सांगून राहिली होती.

अन् आम्ही? माणूस बिमार म्हणून सारे त्याच्या खाटेवर जाऊन बसलो. गावात असंच करतो न आपण? बिमाराले एकटं सोडत नाही. माया होती ती. पण खोकला कसा पसरते, हे मायेले काय समजते? ते पाहायचं काम संस्थेचं होतं.

देवरावजींले मात्र समजलं होतं. बोरगावचा संत्र्याच्या बगीच्यावाला माणूस! माझ्यासमोर अध्यक्षसाहेबांले म्हणाले, "साहेब, एक संत्रं नासलं तं आम्ही ते ढिगातून पहिले बाजूले काढतो. मले बाजूले करा न जी. पाहुण्यांची खोली रिकामीच पडून आहे."

साहेब, तुम्ही काय म्हणाले, आठवते? "काका, तुमाले वेगळं ठेवलं तं लोक म्हणतील, संस्थेनं म्हाताऱ्याले वाळीत टाकलं."

वाळीत! लोक काय म्हणतील, याची एवढी भीती? अन् आज लोक काय म्हणून राहिले?

त्या खोलीले दोन्हीकडून खिडक्या. वेगळं संडास-बाथरूम. पलंगावर नवी चादर. अन् दाराले कुलूप, दाते मुक्कामाले येतील म्हणून. दाते येतात, जेवतात, संध्याकाळच्या गाडीनं नागपूरले जातात. त्या चादरीवर आजवर कोणी झोपलं का? कोणीच नाही. कोरी चादर राखली तुम्ही, माणूस नाही राखला.

मले राग येऊन राहिला, अन् तो मी लपवत नाही. कारण देवरावजी ती खोली स्वतःसाठी मागत नव्हते. माझ्यासाठी मागून राहिले होते. शेजारची खाट माझी होती.

जरा ऐका. तिकडं कोपऱ्यात दोघं खोकलून राहिले. ऐकू येते न? कालपासून चालू आहे. त्यांच्याही शेजारी खाटा आहेत.

आता मौन पाळायचं आहे. पण या बंद हॉलमध्ये नाही. अध्यक्षसाहेब, किल्ली तुमच्या खिशात आहे. उठा. कुलूप काढा, खिडक्या उघडा. त्या दोघांले आधी तिथं नेऊ. मग आपण सारे अंगणात उभं राहू, अन् देवरावजींसाठी गप्प होऊ.

तोवर मी गप्प होणार नाही. दम लागला तरी. उठा साहेब.