एकाच दिशेची चूक

भाची : अजून एक चिमटा दे, मामा.

मामा : अजून? या मॉडेल पोरीच्या पाठीला आधीच इतके लावलेत, की वाळत घातल्यासारखी दिसतेय.

भाची : मामी, तुमचा पुठ्ठा जरा वर धरा. हिच्या चेहऱ्यावर उजेड कमी पडतोय.

मामी : वर धरून उपयोग नाही, कलता धरायला हवा. असा. आयुष्यभर परावर्तनाचे नियम शिकवले. निवृत्तीनंतर स्वतःच परावर्तकाचा स्टँड होईन, असं वाटलं नव्हतं.

मामा : उजेड पडला ना? झालं तर. मास्तरकी नंतर.

भाची : हात वर कर गं जरा. बघ, बाही कोपराकडे पळाली. सोड, तू थोडा वेळ बस, पाणी पी. मामा, हा तिसरा कपडा. ऑफिसचा कोट झाला, प्रवासाचं जाकीट झालं, आता हा पार्टीचा पायघोळ झगा. एकही हिला बसत नाही.

मामा : मुलगीच वाळलीय. मापं पाठवली आणि खाणं सोडलं असणार.

मामी : खाणं सोडल्याने हात लांब होतात, हे मला नवीन आहे.

मामा : तू कोणाच्या बाजूने आहेस?

मामी : पुराव्याच्या. तूर्त तो म्हणतोय, नाचता येईना अंगण वाकडं.

भाची : भांडण घरी जाऊन करा. साप्ताहिकाचं पान आज संध्याकाळी छपाईला जातंय. एका शिंप्याचे तीन ढंग, आणि खाली मामाचं नाव. फोटो गेले नाहीत तर संपादकबाई दुसऱ्या शिंप्याचं पान लावतील. त्याचं तयार आहे.

मामा : मला काय सांगतेस? जन्मभर मी शिवलं आणि आत लेबल लागलं दुसऱ्याचं. पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, शिवलं कोणी म्हणून.

भाची : मग ऐक. संगणकावर खांदे आत घेते, बाह्या लांबवते. कोणाच्या बापाला कळणार नाही.

मामी : छान. निष्कर्ष आधी, प्रयोग सवडीने.

मामा : नको गं पोरी. उद्या कोणी ते पान घेऊन दारात उभं राहील, म्हणेल, अगदी अस्साच शिवा. मी काय सांगू? असा मी शिवलाच नव्हता?

भाची : अरे, मग करू काय?

मामी : मला हा पुठ्ठा खाली ठेवू द्या, आणि तिन्ही कपडे टेबलावर पसरा.

मामा : झालं. आता ही परीक्षा घेणार.

मामी : घेणार. घाईत शिवलेत?

मामा : घाईत? प्रत्येक काज हाताने केलंय! अस्तर उलटून बघ, आतूनसुद्धा बाहेरून दिसावं तसं दिसेल.

मामी : म्हणजे निष्काळजीपणा नाही. निष्काळजी माणसाची चूक कुठेही भरकटते. एक कपडा सैल होतो, दुसरा घट्ट. इथे तिन्हींचे खांदे रुंद, तिन्हींच्या बाह्या आखूड, तिन्ही कमरेत सैल. तिन्ही एकाच दिशेने चुकले आहेत. अशा चुकीला कारण असतं. तुमची मोजपट्टी द्या.

मामा : पट्टीला काय धाड भरलीय?

मामी : कापडी पट्ट्या ताणल्या जातात. हिच्या कॅमेऱ्याच्या पिशवीतल्या स्टीलच्या टेपशेजारी ठेवून पाहू. नाही, तंतोतंत आहे. हे गृहीतक बाद.

भाची : पण मामी, पट्टी ताणलेली असती तर बाह्यासुद्धा लांबच झाल्या असत्या ना? त्या तर आखूड आहेत.

मामी : शाबास. हे मला पट्टी मागण्याआधी सुचायला हवं होतं.

मामा : मग राहिली भुताटकी.

मामी : ती सर्वांत शेवटी. बेतताना मापांचा कागद पाहता का?

मामा : भिंतीला लावलेला असतो की.

मामी : लावलेला असतो हे मी विचारलं नाही. पाहता का?

मामा : अगं, गिऱ्हाइकाचा कपडा असला की दर वेळी पाहतो. नमुन्यासाठी कागद कोण पाहतं? नमुना हातच करतो. लेबलवाल्यांकडे माझे नमुने खुंटीला टांगलेले असायचे, कोणाच्या अंगावर चढायचेच नाहीत. हेही नमुनेच, म्हणून हात आपोआप चालला.

भाची : थांब, थांब. मामी, तो कोट उचला आणि खांद्यांपाशी धरा. सरळ. मी कॅमेऱ्यातून बघते. मामा, उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरता का आहे?

मामा : शक्यच नाही.

भाची : कोटाचा आहे. झग्याचाही आहे. जाकिटाचा तूच बघ.

मामा : आहे खरा. आयला, हे कधी झालं?

भाची : आता कपडे सोड आणि मामीकडे बघ.

मामी : माझ्याकडे काय बघायचंय? उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मी जन्मभर उजव्या खांद्यावरून वाहिले, म्हणून तो उतरला. त्याचा इथे काय संबंध…

भाची : बोला ना, मामी. थांबलात का?

मामी : हे केवळ साधर्म्य आहे. साधर्म्य म्हणजे पुरावा नव्हे. या गृहस्थांनी माझ्यासाठी आजवर साधा सदरा शिवलेला नाही. मी तयार कपडे घालते, दुकानातून आणून.

मामा : आधी गिऱ्हाइकांचं होऊ दे, म्हणत गेलो. राहूनच गेलं.

मामी : माझं माप तरी कधी घेतलंत?

मामा : नाही घेतलं.

मामी : मग ते हातात आलं कुठून?

मामा : आता ते काय पोरीसमोर सांगू?

भाची : मी भिंग पुसतेय. मला काही ऐकू येत नाही.

मामा : रोज समोर असतेस. डोळा शिंप्याचा, त्याला सुट्टी नसते.

मामी : हे विधान तपासून पाहता येईल. आणा तो कोट.

(मामी आतल्या खोलीत जाते आणि कोट घालून बाहेर येते.)

भाची : एकही चिमटा लागणार नाही.

मामा : हात वर कर.

मामी : केला. बाही मनगटावरच आहे.

मामा : श्वास घे.

मामी : तो मघापासून घेतेच आहे.

भाची : कसा वाटतोय, मामी?

मामी : एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढत नाहीत. जाकीट आणि झगासुद्धा घालून पाहावा लागेल.

भाची : म्हणजे आवडला!

मामी : म्हणजे निरीक्षणं वाढवायची आहेत.

भाची : दोघंही गप्प बसा, संपादकबाईंना फोन लावते. हॅलो, बाई? कपडे झकास बसलेत, पण मॉडेल बदललीय. नाही, तरुण नाही. केस? पांढरे, बऱ्यापैकी. हसत? नाही हो, अजिबात हसत नाही. बरं. बरं, ठेवते. मामी, चालेल म्हणाल्या! म्हणे, न हसणाऱ्या मॉडेलला तर लोक जास्त पैसे देतात.

मामा : आणि ही बिचारी पोर? तिचा दिवस फुकट गेला की.

भाची : तिला ठरलेलं सगळं मिळेल. शिवाय ती म्हणतेय, पुठ्ठा मी धरते, मला हे बघायचंय.

मामी : मी उभी राहीन, पण काही अटींवर. कमरेवर हात ठेवणार नाही. मान वाकडी करणार नाही. आणि दूर क्षितिजाकडे पाहणार नाही. तिथे भिंत आहे.

भाची : मग पाहाल तरी कुठे?

मामी : सरळ भिंगात.

भाची : मान्य. असंच राहा. मामा, चौकटीतून बाहेर हो.

मामा : एक क्षण. हिची कॉलर नीट करतो.

मामी : अहो, कॉलर नीटच आहे.

मामा : ठाऊक आहे.