झडप लावायची घाई

कुहमो या थंड गावाच्या सरकारी दवाखान्यात नंबरची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर सिरका आणि तिचा धाकटा भाऊ ओस्मो.

"अजून डोकं ठणकतंय, ताई."

"ठणकणारच! शेगडीत निखाऱ्यांवर निळ्या ज्योती नाचतायत, आणि हे महाशय धुराड्याची झडप लावून दुपारचे आडवे!"

"ऊब सगळी वर निघून जाते गं. लाकडं मला फोडावी लागतात."

"आणि विषारी वायू घरात कोंडतो तो? त्यासाठी अलार्म दिला होता ना मी?"

"झडप लावली की केकाटायचा. सेल काढून रिमोटला घातले."

"वा रे शहाण्या! मांजराने गाल ओरबाडला म्हणून उठलास तरी."

"बाबाही अशीच लवकर लावायचे झडप."

"हो. आणि त्यांच्याकडे मांजर नव्हतं."