बनूबाईने विचारले होते

पुरवणी जबाब, दिनांक १७ नोव्हेंबर २०२५, सकाळी १०.४० वाजता

मी, नरेंद्र बाळाराम म्हसकर, वय ५३ वर्षे, धंदा पेव्हर ब्लॉक बसवणे, धुणे व दुरुस्ती, राहणार पालेगाव, अंबरनाथ पूर्व. शिक्षण सातवी. समक्ष हजर राहून जबाब देतो की, मी वरील ठिकाणी पत्नी किर्ती हिच्यासह राहतो. पंधरा वर्षे आनंदनगर एमआयडीसीत ब्लॉकच्या कारखान्यात साच्यावर काम केले. अकरा वर्षांपासून स्वतःचा धंदा आहे.

दि. १४ रोजी सायंकाळी रुग्णालयात माझा जबाब झाला होता. त्यात एक वाक्य खोटे आहे आणि एक गोष्ट सांगायची राहिली आहे. राहिली म्हणजे मी ठेवली. म्हणून आज कुणी बोलावलेले नसताना आलो आहे.

मयत बनूबाई काशिनाथ वाघे, वय ४७ वर्षे, राहणार वांगणी, ही नऊ वर्षे माझ्याकडे धुण्याच्या कामावर होती. मला दादा म्हणायची. तिची मुलगी वेणू, वय २२, बदलापूरला कपड्याच्या दुकानात कामाला आहे. कोरोना झाल्यापासून बनूबाईचा वास गेला होता, तो परत आला नाही. फिनेल आणि गुलाबपाणी तिला सारखेच. त्यावर ती स्वतःच हसायची. म्हणायची, "दादा, कान तुमचे, हात माझे, नाक मात्र दोघांत भाड्याने आणावं लागतंय."

आमचे काम असे चालते. आधी कोरडा खराटा मारून ब्लॉकच्या सांध्यातली माती व गवत काढायचे. मग भरपूर पाणी. शेवाळ असेल तर ब्रशने घासायचे. सिमेंटचे डाग राहिले तर एक तांब्या ॲसिड दहा तांबे पाण्यात, तेही डागापुरते. परत पाणी. वाळले की सांध्यात बारीक रेती. हे दोन दिवसांचे काम आहे. एका दिवसात करायचे तर ॲसिड घट्ट ठेवून सगळीकडे मारतात. ब्लॉक नव्यासारखे दिसतात. पुढच्या पावसाळ्यात त्यांची साले निघतात, पण ते पुढच्या पावसाळ्यात.

ॲसिडचे कॅन मी उल्हासनगरहून आणतो. दुकानदार सिंधी आहे, वयस्कर आहे. दर वेळी कॅन देताना सांगतो, "साईं, ब्लीचिंग पावडर से दूर रखना. दोनों मिले तो आदमी गया." मी दर वेळी हो म्हणतो. बनूबाईलाही मी तेच सांगितले होते. त्यामुळे कुठल्याही घरी कॅन उघडण्याआधी ती विचारायची, "पावडर मारलीय का इथं?" नऊ वर्षांत न विचारता तिने कॅन उघडल्याचे मी पाहिलेले नाही.

दि. १४ रोजी सकाळी ९.१५ वाजता आम्ही वांगणी येथे अभिजीत दळवी यांच्या बंगल्यावर पोचलो. मागच्या बाजूला साधारण चारशे फुटांचे अंगण आहे. तीन बाजूंनी भिंत, वर फायबरचा पत्रा, घरात जायला काचेचा सरकता दरवाजा. दुसरी वाट नाही. रविवारी त्यांच्या मुलीचा साखरपुडा त्याच अंगणात ठरला होता. दळवींची पत्नी शलाकाताई म्हणाल्या, "मला हे पांढरं झालेलं पाहिजे. उद्या मंडपवाला येतोय." अंगणात नुकतेच फिनेल मारलेले होते, त्यामुळे दुसरा कसला वास मला आला नाही.

मी नेहमीप्रमाणे विचारले, "ताई, घरचं काही टाकलंय का यावर? टाकलं असेल तर रंगाची जबाबदारी माझी नाही."

त्या म्हणाल्या, "छे हो, काही नाही."

येथे सांगतो की माझे कान तिखट आहेत. ब्लॉकवर हातोडीचा दांडा आपटला की खालची रेती कुठे बसली आहे ते मला कळते. गिऱ्हाईक आतल्या खोलीत नवऱ्याशी काय बोलते तेही बहुतेक वेळा कळते. धंदा मी त्यावरच उभा केला. गिऱ्हाईक काय लपवतेय ते आपल्याला माहीत असावे आणि आपल्याला माहीत आहे हे त्याला माहीत नसावे.

९.४० च्या सुमारास मी ब्लॉक वाजवत होतो. शलाकाताई स्वयंपाकघरात बहिणीशी फोनवर बोलत होत्या. मी ऐकले ते असे: "अगं, काल आख्खी पिशवी पावडर मारली. शेवाळ काळं पडलं, गेलं नाही. झाडून टाकलं सगळं सांध्यात. त्याला नाही सांगितलं, उगाच नाटकं करतात हे लोक."

मी काही बोललो नाही. मला हसू आले. उद्या रंग उडाला म्हणून भांडायला आल्या तर हे वाक्य त्यांच्यासमोर ठेवू, असे मनात धरले. पावडर रात्रभरात उडून गेली असेल असेही वाटले. पण त्याची खात्री केली नाही. सांध्यात खिळा घालून बघायला दोन मिनिटे लागतात.

टाकीत पाणी कमी होते. पावडर आधी धुवून काढायची तर टँकरची वाट बघावी लागली असती, आणि तो चार वाजता येणार होता. तीन वाजता मला पालेगावला दुसरे काम बघायचे होते.

१०.०५ वाजता मी रेती आणायला टेम्पो घेऊन निघालो. बनूबाई टेम्पोजवळ कॅन घेऊन उभी होती. तिने विचारले, "दादा, पावडरबिवडर मारलीय का इथं?"

मी म्हणालो, "ताई नाही म्हणाल्यात."

ती म्हणाली, "ताई जाऊ द्या. तुम्ही काय म्हणता?"

मी म्हणालो, "चल, उघड. साखरपुडा आहे लोकांचा."

ती म्हणाली, "बघा हं, नाक तुमच्या भरवशावर आहे."

मी टेम्पो चालू केला.

१०.५० वाजता परत आलो. फाटकातून आत येताना मला खराट्याचा आवाज आला नाही. बनूबाई खराटा दोन लांब आणि एक आखूड असा मारायची, तो मी रस्त्यावरून ओळखतो. घरात मिक्सर चालू होता. काचेचा दरवाजा आतून लावलेला होता. ॲसिडचा वास घरात येतो म्हणून लावला, असे शलाकाताईंनी सांगितले. ते खरे असावे. सगळेच लावतात. पत्र्याखाली पिवळट धूर होता. बनूबाई दरवाजाला लागून पडली होती. काचेवर खालच्या बाजूला ओल्या हाताचे ठसे होते. ते पंचनाम्यात आले आहेत. मी मिक्सर बंद करायला ओरडलो, हे का ओरडलो ते मला सांगता येत नाही.

मी व दळवी यांनी तोंडाला ओले फडके बांधून तिला बाहेर काढले. तेव्हा तिचा श्वास चालू होता. माझ्या टेम्पोतून बदलापूरला नेले. तिथून उल्हासनगरला पाठवले. वाटेत ती शुद्धीवर होती, पण तिला बोलता येत नव्हते. मी बोलत होतो. दुपारी २.२० वाजता डॉक्टरांनी मयत झाल्याचे सांगितले.

रुग्णालयाच्या जिन्यात दळवी यांनी मला बाजूला घेतले. ते म्हणाले, "म्हसकर, गेलेल्या माणसाला कोण शिक्षा करणार? बाईनं स्वतःच्या मनानं काहीतरी मिसळलं, एवढंच लिहा. तुम्ही मोकळे, आम्ही मोकळे. परवा माझ्या मुलीचा साखरपुडा आहे." मी हो किंवा नाही म्हणालो नाही. पण साडेपाच वाजता जबाबात मी तसेच सांगितले. "मयत हिने निष्काळजीपणे व न विचारता ॲसिड वापरले," हे वाक्य माझे आहे. 'न विचारता' हे शब्द मला कुणी सुचवलेले नव्हते.

साखरपुडा पुढे ढकलल्याचे समजते.

दि. १६ रोजी मी बनूबाईच्या घरी गेलो. माणसे बसलेली होती. निष्काळजीपणाची गोष्ट वस्तीत पोचली होती. बनूबाईची जाऊ कमळाबाई म्हणाली, "नऊ वर्षं केलं तेच काम, आणि शेवटी आपल्या हातानं गेली. धांदरट ती पहिल्यापासून." वेणूने मला चहा दिला. ती म्हणाली, "मामा, आई घरात मोरी धुतानापण मला विचारायची, वेणे, पावडर टाकलीस का. घरातल्या मोरीला विचारायची. मग तिथं कसं नाही विचारलं?"

मी चहा प्यायलो. ती म्हणाली, "तुम्ही होतात ना तिथं? तुम्हाला तर सगळं ऐकू येतं."

मी कप खाली ठेवून बाहेर आलो. घरी येऊन पत्नीस सर्व सांगितले. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग."

शलाकाताईंनी पावडर लपवली हे खरे आहे. त्यांना त्याचा परिणाम ठाऊक होता असे मी म्हणणार नाही. मला ठाऊक होता. दळवी यांनी मला पैसे देऊ केलेले नाहीत किंवा धमकी दिलेली नाही. वापरलेला कॅन आणि सांध्यातली रेती तपासायचा खिळा हजर करतो. त्या दिवशी खिळा माझ्या खिशातच होता.

या जबाबाने माझ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो हे मला समजावून सांगितले. मला समजले आहे.

वरील मजकूर हवालदारांनी मला मराठीत वाचून दाखवला. मी तो कान देऊन ऐकला. मी सांगितला तसाच उतरला आहे, काही कमी नाही व जास्त नाही. मागच्या जबाबातले वाक्य खोडता येत नाही असे त्यांनी सांगितले. तसे असेल तर त्याच्याखाली हे एक वाक्य घ्यावे, आणि याची नक्कल वेणू काशिनाथ वाघे हिला मिळावी, ही विनंती:

बनूबाईने दोनदा विचारले होते.

(सही)
नरेंद्र बाळाराम म्हसकर